जॅरोचा अर्ज आणि मंत्रिमंडळाचे निवेदन

१४ ऑक्टोबर १९३६ रोजी ब्रिटिश मंत्रिमंडळाने लंडनच्या दिशेने निघालेल्या मोर्च्यांविषयी एक निवेदन मंजूर केले. बैठकीच्या वृत्तांतात ते जपलेले आहे. त्याचा आशय असा: या देशात संसदीय राज्यपद्धती आहे, प्रत्येक प्रौढाला मत आहे, आणि प्रत्येक भागाची गाऱ्हाणी मांडायला त्या भागाचा प्रतिनिधी कॉमन्स सभागृहात आहे. तेव्हा राजधानीवर चालत येणाऱ्या मिरवणुकांचा धोरणावर परिणाम होण्याचे कारण नाही. मोर्चेकऱ्यांच्या शिष्टमंडळाला मंत्री भेटणार नाहीत.

त्या दिवशी टाइन नदीकाठच्या जॅरो गावचे २०० बेरोजगार पुरुष, संसदेकडे काम मागणारा अर्ज घेऊन, यॉर्कशरमधून दक्षिणेकडे चालत होते. ५ ऑक्टोबरला त्यांनी गाव सोडले होते. ज्या प्रतिनिधीकडे मंत्रिमंडळ बोट दाखवत होते, त्या जॅरोच्या खासदार एलन विल्किन्सन. आपल्या मोर्चेकऱ्यांबरोबर त्याही जमेल तितके चालत होत्या. त्यामुळे निवेदनातला दावा तपासून पाहता येतो. गाऱ्हाणे सभागृहात मांडले की त्याची दखल घेतली जाते, असे सरकार म्हणत होते. जॅरोच्या प्रतिनिधीने काय मांडले आणि त्याचे पुढे काय झाले, याचे बरेच कागद आज उपलब्ध आहेत.

विल्किन्सनबाईंचा जन्म १८९१ चा, मँचेस्टरच्या एका कामगार कुटुंबातला. शिष्यवृत्ती मिळवून १९१० मध्ये त्या विद्यापीठात इतिहास शिकायला गेल्या. १९२४ ते १९३१ त्या मजूर पक्षाकडून मिडल्सबरो पूर्वच्या खासदार होत्या. १९३२ मध्ये इंडिया लीगच्या शिष्टमंडळातून, कृष्ण मेनन यांच्यासोबत, त्या भारतात येऊन गेल्या. इथल्या दडपशाहीविषयीच्या साक्षी गोळा करून छापलेल्या अहवालावर त्यांचेही नाव आहे. प्रत्यक्ष जागेवर जायचे, माणसांना विचारायचे, आकडे जमवायचे, ही त्यांची कामाची रीत जॅरोच्या आधीपासूनची. नोव्हेंबर १९३५ मध्ये २,३५० मतांच्या आघाडीने त्या जॅरोतून निवडून आल्या.

जॅरोची मूळ हकीगत दोन प्रकारच्या पुराव्यांतून कळते. पहिला प्रकार व्यवहाराच्या नोंदींचा, आणि तो पक्का आहे. टाइन नदीकाठच्या पामर कंपनीच्या जहाजबांधणी कारखान्यावर हे गाव उभे राहिले होते. १९३३ मध्ये कंपनी बुडाली. पुढच्या वर्षी नॅशनल शिपबिल्डर्स सिक्युरिटी या संस्थेने तो कारखाना विकत घेतला. जहाजबांधणी कारखानदारांनी १९३० मध्ये ही संस्था काढली ती ‘जादा’ ठरवलेले कारखाने घेऊन बंद करण्यासाठीच. जॅरोच्या जागेवर ४० वर्षे जहाज बांधायचे नाही, अशी अट घालण्यात आली. याबद्दल मतभेदाला जागा नाही.

दुसरा पुरावा विल्किन्सनबाईंचे १९३९ चे पुस्तक, ‘द टाउन दॅट वॉज मर्डर्ड’. त्याच जागी नवा पोलाद कारखाना उभारण्याची योजना पोलाद कारखानदारांच्या महासंघाने हाणून पाडली, असा आरोप त्यात आहे. पुस्तकात आकडे भरपूर आणि हिशेब काळजीपूर्वक केलेले. पण शीर्षकातच खून म्हणणारी लेखिका तटस्थ साक्षीदार नव्हे. म्हणून तिचे आकडे घ्यावेत, कारखानदारांच्या मनातल्या हेतूंविषयी ती जे म्हणते ते एका बाजूची कैफियत म्हणून वाचावे.

व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांच्या प्रसिद्ध उद्गारालाही हीच कसोटी लावावी लागते. १९३६ च्या उन्हाळ्यात जॅरोचे शिष्टमंडळ भेटीस गेले तेव्हा, ‘जॅरोने आपला उद्धार आपणच करावा’ असे ते म्हणाल्याचे सांगितले जाते. मोर्च्याची ठिणगी पडली ती या वाक्याने, असे अनेक पुस्तके मानतात. हे वाक्य गाजले ते जॅरोच्या बाजूच्या सांगण्यातून. ते शब्दशः असेच उच्चारले गेले, असे मी लिहिणार नाही. आशय मात्र रन्सिमन यांच्या नोंदलेल्या भूमिकेशी जुळतो, आणि ती नोंद पुढे येतेच.

घरे आणि आरोग्य यांबाबत एक स्वतंत्र साक्ष आहे. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला तो सर्वांत बोलका कागद. टीज नदीकाठचे स्टॉकटन हे गाव मिडल्सबरोच्या शेजारचे. तिथले आरोग्याधिकारी डॉ. मॅगोनिगल यांनी १९३६ मध्ये आपला अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. १९२७ मध्ये तिथली एक झोपडवस्ती पाडून तिथल्या कुटुंबांना नगरपालिकेच्या नव्या, हवेशीर घरांत हलवले होते. पाच वर्षांनी पाहिले तर त्यांचा मृत्युदर दर हजारी सुमारे २३ वरून ३३ च्या पुढे गेलेला! तशाच दुसऱ्या जुन्या वस्तीत राहिलेल्यांचा तसा वाढला नव्हता. घरे वाईट नव्हती. भाडे वाढले होते, आणि बेकारभत्त्यातून भाडे गेल्यावर अन्नाला पैसा उरत नव्हता. हा अधिकारी कुठल्या पक्षाच्या व्यासपीठावरून बोलत नव्हता, नोंदवह्यांतले मृत्यू मोजत होता. उत्पन्नाची सोय न करता नुसती घरे बांधून भागत नाही, हे त्याने आकड्यांनी दाखवले, आणि म्हणून कामाची मागणी आधी करणाऱ्या जॅरोच्या अर्जाला या आकड्यांचा आधार मिळतो.

सार्वजनिक पैशाचा प्रश्नही तिथेच गुंतलेला होता. शाळा, दवाखाने, घरे यांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक करांतून भागायचा. कारखाना बंद पडला की कर भरणारा जातो आणि खर्च वाढतो. गरीब गावाला जास्त दराने कर लावूनही कमी पैसा मिळतो. त्यात ‘मीन्स टेस्ट’. घरातल्या मुलाची वा मुलीची तुटपुंजी मिळकत मोजून बापाचा भत्ता कापला जाई.

मोर्चा ३१ ऑक्टोबरला लंडनला पोचला. वाटेत हुजूर आणि मजूर या दोन्ही पक्षांच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी मुक्कामांची व्यवस्था केली होती. स्वतः मजूर पक्षाच्या एडिंबरा अधिवेशनात मात्र, उपाशी माणसांना चालत नेल्याबद्दल विल्किन्सनबाईंनाच बोल ऐकावे लागले.

४ नोव्हेंबरच्या हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या अधिकृत वृत्तांतात, तो अर्ज येतो. अर्ज सादर करताना चर्चा करायची नाही, असा सभागृहाचा नियम. त्यामुळे नोंद अगदी थोडक्यात आहे. पूर्वी जिथे ८,००० माणसे कामाला होती तिथे आता एका तात्पुरत्या योजनेवर १०० जण आहेत, गाव असे उजाड सोडून चालणार नाही, विनाविलंब काम द्यावे, एवढेच मागणे. सह्या ११,००० हून अधिक. काही पुस्तकांत १२,००० असा आकडा सापडतो. मी कमी आकड्याला धरून चालतो. हॅन्सार्डने अर्जाचे शब्द राखले, सह्या करणाऱ्यांची नावे त्यात नाहीत. इतक्या माणसांनी सही केली, आणि वृत्तांतात आवाज एका बाईचा.

त्याच दिवशी रन्सिमन यांनी सभागृहाला सांगितले की जॅरोची स्थिती अजून समाधानकारक नसली तरी अलीकडच्या महिन्यांत सुधारली आहे. शेजारच्या साउथ शील्ड्सचे खासदार चूटर ईड यांनी सरकारच्या या निर्धास्तपणावर कडक शब्दांत टीका केली. पंतप्रधान बाल्डविन मोर्चेकऱ्यांना भेटले नाहीत. माणसे आगगाडीने घरी परतली, तेव्हा चालत होतात त्या काळात कामासाठी उपलब्ध नव्हता म्हणून भत्ता कापल्याचे त्यांना कळले.

सरकारने सांगितलेला मार्ग तोच होता: प्रतिनिधी, सभागृह, अर्ज. तो मार्ग पुरा चालून झाल्यावरची ही नोंद आहे. मोर्च्यामुळे जॅरोला लगेच काम मिळाले, असे एकही कागद दाखवत नाही. गावाला काही कामे मिळाली, त्यांतली काही सर जॉन जार्व्हिस या सरेतल्या हुजूर पक्षीय खासदाराच्या मदतनिधीतून आणि त्यांनी आणलेल्या जहाजतोडणीसारख्या उद्योगांतून. तो प्रयत्न मोर्च्याच्या आधीच सुरू झालेला होता. पुढे शस्त्रसज्जता आणि युद्ध यांनी टाइनकाठी काम आणले. मोर्च्याची कीर्ती वाढली ती नंतर.

विल्किन्सनबाईंच्या बाबतीत मात्र धागा तुटत नाही. १९३८ मध्ये हप्त्याने वस्तू घेणाऱ्या गरिबांना संरक्षण देणारा कायदा त्यांनी खासगी विधेयक मांडून मंजूर करून घेतला. ऑगस्ट १९४५ मध्ये पंतप्रधान ॲटली यांनी त्यांना शिक्षणमंत्री केले. १९४४ च्या कायद्याने शाळा सोडण्याचे वय १४ वरून १५ वर न्यायचे ठरले होते, आणि त्यासाठी १ एप्रिल १९४७ ही तारीख पक्की झाली होती. मात्र शिक्षक कमी, वर्ग नाहीत, बांधकामाचे साहित्य नाही. जानेवारी १९४७ मध्ये मनुष्यबळाच्या टंचाईमुळे ही तारीख पुढे ढकलावी, असा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आला.

त्यांचा विरोध मंत्रिमंडळाच्या कागदांत नोंदलेला आहे. तारीख ढकलली तर नुकसान होईल ते कामगारांच्याच मुलांचे, ज्यांचे शिक्षण युद्धाने आधीच मोडले आहे, हा त्यांचा मुद्दा. त्या युक्तिवादामागे जॅरो होते का? माझा अंदाज, होते. पण हा अंदाजच आहे. निवड परीक्षेने मुलांना वेगवेगळ्या शाळांत वाटण्याची पद्धत त्यांनी मोडली नाही, म्हणून त्यांच्याच पक्षातले अनेक जण नाराज होते. हेही लिहिले पाहिजे, नाहीतर चित्र फार गोड होईल.

६ फेब्रुवारी १९४७ रोजी, कडाक्याच्या हिवाळ्यात, त्यांचा मृत्यू झाला. त्या आधीपासूनच श्वसनाच्या विकाराने आजारी होत्या आणि झोपेच्या गोळ्या त्यांच्या शरीरात आढळल्या. चौकशी अधिकाऱ्याने मृत्यू अपघाती ठरवला. आत्महत्येची कुजबुज नंतरही चालू राहिली. तिला आधार देणारा कागद पुढे आलेला नाही, आणि तो येईपर्यंत चौकशीचा निकालच धरावा.

तारीख ढकलण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाने फेटाळला. त्यांच्या मृत्यूनंतर आठ आठवड्यांच्या आत, १ एप्रिल १९४७ रोजी, इंग्लंड आणि वेल्समध्ये शाळा सोडण्याचे वय १५ झाले.