सप्तसागरांचा धडा

उज्जयिनीची कीर्ती महाकाळामुळे आणि क्षिप्रेमुळे. परंतु पावसाचे पाणी या नगरीसाठी साठविले ते रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर आदी सात तलावांनी. अधिक मासात स्त्रिया या सप्तसागरांचे पूजन आजही करतात. पूजन टिकले, जतन मात्र टिकले नाही. अतिक्रमणांनी काठ आवळले, आणि माळव्याने कूपनलिकांचा मार्ग धरला. भूगर्भ रिता होत गेला. सुमारे 40 किलोमीटरवरील देवास या पवारांच्या जुन्या राजधानीत 1990 साली आगगाडीने पाणी आणावे लागले.

त्याच देवास जिल्ह्यात 2006 साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या आवाहनावरून शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा सुमारे दशांश भाग तळ्यासाठी दिला व खर्चही बव्हंशी स्वतः सोसला. आरंभ मोठ्या शेतकऱ्यांनी केला. कारण कोरड्या कूपनलिकांत त्यांचाच पैसा अधिक बुडाला होता. पुढे असे हजारो ‘रेवासागर’ झाले आणि रब्बीचे पीक पुन्हा हाती येऊ लागले.

उज्जयिनीच्या क्षिप्रेत 2014 साली नर्मदेचे पाणी आले आणि 2016 चा सिंहस्थ पार पडला. दुरून आणलेल्या पाण्याने पर्वणी साधते. अवर्षण निभावते ते गावाने स्वतः राखलेल्या पाण्यानेच.