परांची कधी उतरवायची? संगणकातील सफाईची गोष्ट

वसई-विरार पट्ट्यात राहणाऱ्या शिक्षकाला इमारत कशी उभी राहते हे वेगळे सांगावे लागत नाही. आधी बांबूंची परांची चढते, मग टेकू आणि फळ्यांचे सेंटरिंग लागते, त्यावर स्लॅब पडतो, काही दिवस पाणी मारले जाते. स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग खोलतात आणि शेवटी परांचीही उतरते. लोक राहायला येतात तेव्हा या पसाऱ्याचा मागमूस उरत नाही. तो कधी काढायचा हे मात्र मुकादमाला नेमके ठाऊक असावे लागते. घाई केली तर स्लॅब खाली येतो. काढलाच नाही तर घरात पाऊल ठेवता येत नाही.

संगणकाची आज्ञावली तयार होतानाही असाच पसारा मागे राहतो आणि चकतीवरची जागा अडवून बसतो. तो एका आज्ञेसरशी साफ करणारी साधने आज भरपूर आहेत. त्यांच्या जवळजवळ पन्नास वर्षांच्या इतिहासात एकच प्रश्न पुन:पुन्हा पुढे येतो : कोणती गोष्ट टाकून द्यायला हरकत नाही? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. ते कसे सापडत गेले, हे पाहू या.

पसारा येतो कोठून?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या मापाने अवघे १० किलोबाइट. आज्ञावली कागदी पट्टीवर भोके पाडून यंत्राला पुरवली जाई. एकाचे काम संपले की त्याच स्मृतीत दुसऱ्याची आज्ञावली येई. अशा व्यवस्थेत पसारा साठण्याचा प्रश्नच नव्हता. मागचे पुसल्याशिवाय पुढचे मावत नसे.

प्रश्न आला तो चुंबकीय चकतीबरोबर. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये चकत्यांवर माहिती साठवणारे ‘रॅमॅक’ हे यंत्र आणले. त्याच्या ५० मोठ्या चकत्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. पुढे चकत्या लहान आणि स्वस्त झाल्या, तशा आज्ञावल्याही चकतीवरच मुक्काम करू लागल्या.

माणूस आज्ञावली लिहितो ती त्याला वाचता येईल अशा भाषेत. तिला आपण ‘मूळ’ म्हणू. कंपायलर नावाची आज्ञावली या मुळाचे यंत्रभाषेत रूपांतर करते. मोठे काम एका फाईलमध्ये लिहीत नाहीत. शाळेच्या वार्षिक अंकात प्रत्येक विभाग स्वतंत्रपणे जुळवतात आणि शेवटी बांधणी करतात, तसे येथेही असते. १९५८ च्या फोरट्रान-२ पासून भाग वेगवेगळे रूपांतरित करून शेवटी जोडण्याची सोय आली. प्रत्येक मूळ फाईलपासून एक ‘ऑब्जेक्ट फाईल’ बनते आणि त्या सर्व जोडून चालणारी आज्ञावली तयार होते. एका भागात चूक सापडली तर तेवढाच भाग पुन्हा रूपांतरित करायचा. वेळ वाचतो, पण त्यासाठी मधल्या सर्व फाईली चकतीवर ठेवाव्या लागतात. हाच तो पसारा.

१९७० च्या दशकातील पीडीपी-११ या संगणकाला जोडली जाणारी आरके-०५ ही चकती सुमारे २५ लाख बाइटांची होती. आज मोबाईलवर काढलेले एक छायाचित्रही तेवढी जागा घेते. तेव्हा या फाईली किती खटकत असतील, याची कल्पना येईल.

वाया गेलेली सकाळ

या गोष्टीतले महत्त्वाचे वळण १९७६ च्या एप्रिलमधले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन काम करीत होते. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी चिडून त्यांच्या खोलीत आले. आज्ञावली चुकीची चालते म्हणून त्यांनी सगळी सकाळ चूक शोधण्यात घालवली होती. चूक तर आधीच दुरुस्त झालेली होती! फक्त दुरुस्त केलेली फाईल पुन्हा रूपांतरित करायची राहिली होती, त्यामुळे जोडणीत जुनीच ऑब्जेक्ट फाईल गेली. फेल्डमन स्वत:ही आदल्या संध्याकाळी अशाच घोटाळ्यात सापडले होते.

म्हणजे हा पसारा केवळ जागा अडवीत नाही, तो फसवतोही. शिळी फाईल ताज्या फाईलसारखीच दिसते.

फेल्डमन यांनी शनिवार-रविवारात ‘मेक’ नावाची आज्ञावली लिहिली. तिची कल्पना साधी आहे. कोणती फाईल कोणापासून बनते आणि कोणत्या आज्ञेने बनते, हे एका कागदावर लिहावे तसे एका फाईलमध्ये लिहून ठेवायचे. मेक प्रत्येक फाईलची शेवटच्या बदलाची वेळ पाहते. मुळाची वेळ त्यापासून बनलेल्या फाईलच्या नंतरची असेल, तर ती फाईल शिळी ठरते आणि तेवढीच पुन्हा तयार होते. हा एक प्रकारचा वंशवृक्षच झाला. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

‘क्लीन’चा जन्म

मेकविषयीचा फेल्डमन यांचा लेख १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नमुन्यादाखल मेकचाच वंशवृक्ष दिला आहे आणि त्यात ‘क्लीन’ नावाची एक नोंद आहे. तिचे काम : सर्व ऑब्जेक्ट फाईली आणि त्यांच्याबरोबर ‘ग्राम’ नावाची एक फाईल पुसणे, आणि मग किती जागा व्यापली आहे ते दाखवणे. सफाई आणि तिचा हिशेब, दोन्ही एकाच ठिकाणी.

त्या ‘ग्राम’ फाईलकडे नीट पाहिले पाहिजे. ती सी भाषेत आहे, माणसाला वाचता येते. दिसायला ती मूळ फाईलच. मग ती का पुसायची? कारण ती माणसाने लिहिलेली नाही. व्याकरणाच्या नियमांची एक वेगळी फाईल असते, तिच्यापासून ‘याक’ नावाची आज्ञावली ही सी भाषेतील फाईल तयार करते. (याकचे कर्ते तेच, सकाळ वाया गेलेले जॉन्सन.) तेव्हा फाईल कचरा आहे की नाही हे तिच्या रूपावरून ठरत नाही, ती कोणापासून आली आणि पुन्हा आणता येईल का, यावरून ठरते. मुकादम परांचीकडे पाहून ‘इमारत हिच्यावर टेकलेली तर नाही ना?’ असे विचारतो. येथे प्रश्न ‘हे पुन्हा उभे करता येईल का?’ असा आहे.

हे ठाऊक नसताना हाताने सफाई केली तर काय होते? युनिक्समध्ये फाईल पुसण्याची आज्ञा ‘आरएम’. तिच्यापुढे तारका आणि तिला चिकटून ‘टिंब ओ’ लिहिले, तर नावाच्या शेवटी ‘टिंब ओ’ असलेल्या म्हणजे ऑब्जेक्ट फाईलीच पुसल्या जातात. पण तारकेनंतर चुकून एक मोकळी जागा पडली, तर अर्थ होतो : आधी सर्व फाईली पुसा, मग ‘टिंब ओ’ नावाची फाईल पुसा. साधारणत: संगणक काही न विचारता आज्ञा पाळतो आणि शेवटी ‘टिंब ओ’ नावाची फाईल सापडली नाही अशी तक्रार करतो. तोवर महिन्याभराचे काम गेलेले असते. ‘क्लीन’मध्ये आज्ञा एकदाच, शांतपणे तपासून लिहिलेली असते, हा तिचा खरा फायदा.

सफाईच्या पायऱ्या

ग्नू प्रकल्पाने पुढे या सफाईच्या पायऱ्या ठरवून दिल्या. ‘मोस्टली क्लीन’ने जे पुन्हा बनवायला फार वेळ लागतो ते राहते. ‘क्लीन’ने बांधणीतून आलेल्या नेहमीच्या फाईली जातात. ‘डिस्ट क्लीन’ने त्या विशिष्ट संगणकासाठी केलेली जुळवणीही जाते आणि वाटपाच्या वेळी होते तेवढेच उरते. शेवटची पायरी ‘मेन्टेनर क्लीन’. तिने याकसारख्या साधनांनी बनवलेल्या फाईलीही पुसल्या जातात. म्हणून ही आज्ञा चालताना आधी इशारा द्यावा, असे ग्नूचे नियम सांगतात : पुसल्या जाणाऱ्या फाईली पुन्हा बनवायला खास साधने लागू शकतात. म्हणजे मूळ हाताशी असून भागत नाही. रूपांतर करणारी साधने आणि लागणारा वेळही हिशेबात धरावा लागतो.

२००५ मध्ये लिनस टॉरवॉल्ड्स यांनी आज्ञावल्यांच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारे ‘गिट’ तयार केले. त्यातील सफाईची आज्ञा यादी उलटी करते. काय टाकायचे ते सांगायचे नाही. काय राखायचे त्याची नोंद गिटकडे असते, आणि नोंद नसलेले पुसता येते. यातही धोका आहेच. काल रात्री लिहिलेली, अजून नोंद न केलेली नवी फाईलही गिटच्या लेखी परकीच. म्हणून ही आज्ञा नेहमीच्या मांडणीत ‘जबरदस्तीने करा’ असे सांगितल्याशिवाय काही पुसत नाही. काय पुसले जाईल, एवढेच आधी दाखवण्याचीही सोय तिच्यात आहे.

याच सुमारास, २००४ मध्ये, आणखी एक संकेत मांडला गेला. ज्या फोल्डरमधील सर्व काही पुन्हा तयार करता येण्यासारखे आहे, त्यात ठराविक मजकुराची एक छोटी खूणफाईल ठेवायची. ती दिसली की प्रती काढणाऱ्या आज्ञावल्या ते फोल्डर वगळू शकतात. रस्ट भाषेचे ‘कार्गो’ हे साधन आपल्या ‘टार्गेट’ फोल्डरमध्ये अशी खूण ठेवते. हे फोल्डर बघता बघता काही गिगाबाइटांचे होते. ‘कोन्डो’सारखी आजची साधने सगळी चकती धुंडाळून असे पसारे शोधतात. नुसते ‘टार्गेट’ हे नाव त्यांना पुरत नाही. शेजारी कार्गोची वर्णनफाईल आहे ना, हे ती पाहतात. पुन्हा वंशवृक्षच!

परत मिळेलच का?

जावास्क्रिप्टच्या कामांत ‘नोड मॉड्यूल्स’ नावाचे अवाढव्य फोल्डर असते. ते पुसायला सहसा हरकत नसते, कारण त्यातील वस्तू इंटरनेटवरून परत आणता येतात. पण मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या काही ओळींची एक आज्ञावली तिच्या लेखकाने सामाईक भांडारातून काढून घेतली आणि जगभर अनेकांची बांधकामे अडली. मूळ दुसऱ्याच्या घरी असेल, तर ‘परत आणू’ हे म्हणणे त्या घराच्या भरवशावर असते.

या संदर्भात आपल्या सोपाऱ्याची आठवण होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. दगडावर मजकूर अपुरा होता. तरी तो आठवाच लेख आहे हे ओळखता आले, कारण तोच लेख गिरनार आणि इतर ठिकाणी कोरलेला टिकून होता. एकच प्रत असती, तर तुटलेला भाग कायमचा गेला असता. सफाईची आज्ञा देण्यापूर्वी मुळाची दुसरी प्रत दुसरीकडे आहे ना, हे पाहायचे ते यासाठीच.

वर्गात हा विषय संगणकाशिवायही घेता येईल. मुलांना शाळेच्या वार्षिक अंकाचा वंशवृक्ष काढायला सांगावे : हस्तलिखिते, जुळवलेली पाने, तपासणीच्या प्रती, छापील अंक. कोणापासून काय बनले, ते बाणांनी दाखवू द्यावे. मग विचारावे, कपाटात जागा हवी आहे, यातले काय टाकाल? अनेक मुले आधी खोडाखोडीची हस्तलिखिते टाकायला निघतील, कारण ती जुनी आणि मळकी दिसतात. बाण पाहिल्यावर त्यांच्या लक्षात येईल की बाकी सारे पुन्हा करता येईल, तेवढी हस्तलिखिते मात्र नाही. संगणक असलेल्या शाळांनी पुढची पायरी म्हणून मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिनक्सचे मराठी पाठ दाखवावेत.

चकतीवर जागा करणे हे पुसण्याचे काम वाटते. पण ते निर्धास्तपणे त्यालाच जमते, ज्याने काय कशापासून बनले हे आधी लिहून ठेवलेले असते.