आज रोख, उद्या उधार : विजेच्या मीटरची गोष्ट



आपल्याकडच्या किराणा दुकानात गल्ल्याच्या वर हमखास एक पाटी असायची, 'आज रोख, उद्या उधार'. दुसऱ्या दिवशी गेलं तरी पाटी तीच! विजेच्या बाबतीत मात्र आपण सगळे जन्मभर उधारीवर वाढलो. महिनाभर पंखा, फ्रीज, मिक्सर चालवायचा, मग रीडिंग घ्यायला माणूस येणार, मग लाईटबिल येणार, मग ते भरायला आणखी काही दिवस. प्रीपेड मीटर आला की हा क्रम उलटतो. आधी पैसे, मग वीज. बॅलन्स संपला की घरात अंधार.

मोबाईलचं रिचार्ज सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय, त्यामुळे 'त्यात काय एवढं' असं वाटू शकतं. मलाही पेशामुळे (सॉफ्टवेअर, त्यातही बिलिंगची) या यंत्राचं कौतुक आहे. पण त्याचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही गोष्ट यंत्राची कमी आणि विश्वासाची जास्त आहे. कोण कोणाला उधार देतो, आणि उधारी थकली तर वायर कोण तोडतो, एवढाच तो प्रश्न आहे.

अगदी सुरुवातीपासून सांगतो. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कला वीज विकायला सुरुवात केली, तेव्हा त्याचा मीटर म्हणजे एक बरणी होती. द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या. वीज वापरली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसायचं. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस पट्ट्या घेऊन जायचा, धुवून, वाळवून तराजूत तोलायचा आणि त्यावरून बिल! गिऱ्हाईकाला त्यातलं काहीही कळायला मार्ग नव्हता. मग १८८९ मध्ये हंगेरीच्या ओट्टो ब्लाथीने फिरत्या तबकडीचा मीटर आणला. आपण लहानपणी जिन्याखाली बघत उभे राहायचो ती गरगर फिरणारी तबकडी त्याच घराण्यातली. आता निदान 'मीटर पळतोय' एवढं तरी गिऱ्हाईकाला दिसायला लागलं. मुंबईत १९०५ मध्ये बेस्टची वीज आली ती या मीटर-आणि-मग-बिल पद्धतीच्या काळात.

आधी पैसे घेण्याची कल्पना मात्र विजेची नाही, गॅसची आहे. बर्मिंगहॅमच्या ब्राऊनहिल नावाच्या माणसाने १८८७ साली नाणं टाकून चालणाऱ्या गॅस मीटरचं पेटंट घेतलं. फटीत एक पेनी टाकायची, तेवढ्या किमतीचा गॅस यायचा, मग झडप बंद. तोपर्यंत गॅस कंपन्या कामगारांच्या वस्तीत कनेक्शन द्यायला तयार नसत. कारण उघड होतं. रोजंदारीवरचा माणूस, भाड्याची खोली, तीन महिन्यांचं बिल तो कुठून भरणार? लंडनच्या साउथ मेट्रोपॉलिटन कंपनीने १८९२ पासून असे मीटर द्यायला सुरुवात केली आणि गरिबाच्या घरात पहिल्यांदा गॅसची शेगडी पेटली. म्हणजे ज्याला उधारी मिळत नव्हती त्याच्यासाठी प्रीपेड हे दार होतं, हे मान्य करायलाच हवं. पण मीटर, नळ्या, शेगडी यांचा खर्च कंपन्या गॅसच्या दरातून वसूल करायच्या, त्यामुळे पेनीवाल्याला गॅस महाग पडायचा. दार उघडलं, पण उंबरठ्यावर जकात बसली.

शंभर वर्षांनी हीच गोष्ट दक्षिण आफ्रिकेत पुन्हा घडली, आणि तिथे तिला विजेचं आणि कॉम्प्युटरचं रूप आलं. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या बहुतेक वस्त्यांना वीज नव्हती. जिथे होती तिथे १९८० च्या दशकात सरकारविरोधी आंदोलनाचा भाग म्हणून लोकांनी भाडं आणि बिलं भरणं बंद केलं. अनेक घरांना धड पत्ता नाही, बँकेत खातं नाही. बिल पाठवायचं कुठे? एस्कॉम या तिथल्या वीज कंपनीने मग प्रीपेड मीटर हे उत्तर काढलं, आणि १९९३ मध्ये एसटीएस नावाची एक सामायिक पद्धत ठरली. म्हणजे कुठल्याही कंपनीचा मीटर, कुठलंही दुकान, टोकन मात्र एकाच नियमाने. पुढे ती आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि आफ्रिका-आशियातल्या कितीतरी देशांत गेली.

हे टोकन म्हणजे २० आकडी संख्या. (मंडळी, इथे थोडं तांत्रिक होणार आहे, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.) दुकानात पैसे दिले की पावतीवर २० आकडे मिळतात, ते घरी जाऊन मीटरच्या बटणांवर टाकायचे. गंमत म्हणजे मीटरला फोन नाही, नेट नाही, तो कोणाशीही बोलत नाही. तरी त्याला कळतं की हे आकडे खरे आहेत, माझ्यासाठीच आहेत, आणि आधी वापरलेले नाहीत. कारण त्या आकड्यांत किती युनिट आणि टोकन कधी काढलं ही माहिती त्या एका मीटरच्या गुप्त किल्लीने कुलूपबंद केलेली असते. शेजाऱ्याचं टोकन आपल्या मीटरला चालत नाही, आणि एकच टोकन दोनदा चालत नाही. आत रुपये नसतात, युनिट असतात. रुपयांचं युनिटांत रूपांतर दुकानातच झालेलं असतं.

'कधी काढलं' हे लिहायला २४ बिट ठेवले होते आणि १ जानेवारी १९९३ पासूनची मिनिटं मोजायची असं ठरलं. २४ बिटांत १,६७,७७,२१६ मिनिटं मावतात, म्हणजे ३२ वर्षांना थोडी कमी. ती भरली २४ नोव्हेंबर २०२४ ला. वायटूके आठवतंय ना? त्याचाच भाऊ! त्या तारखेनंतर जुन्या मीटरांना नवं टोकन ओळखता आलं नसतं, म्हणून जगभरातल्या कोट्यवधी घरांत माणसांना आधी दोन खास २० आकडी संख्या टाकून मीटर नव्या किल्लीवर न्यावा लागला. ज्यांनी टाकल्या नाहीत त्यांचा मीटर पैसे भरूनही वीज घेईना. सॉफ्टवेअरवाल्यांनी १९९३ मध्ये वाचवलेल्या चार बिटांचा हिशोब सोवेटोतल्या म्हातारीला २०२४ मध्ये बटणं दाबून चुकवावा लागतो, हे मला फार बोलकं वाटतं.

सोवेटोचं नाव आलंच आहे तर पुढचं सांगतो. प्रीपेडमुळे दक्षिण आफ्रिकेत लक्षावधी घरांत वीज पोचली हे खरं. पण 'थकबाकीदार' ही जमातच कागदावरून नाहीशी झाली. पूर्वी कंपनी वीज तोडायची, तेव्हा नोटीस यायची, वायरमन यायचा, भांडण व्हायचं, पेपरात यायचं. आता पैसे संपले की घर आपलंआपण अंधारात जातं, आणि त्याची नोंद 'वीज तोडली' अशी कुठेच होत नाही. लोकांनी मीटरला बगल देऊन वायरी जोडल्या (आपल्याकडे आकडे टाकतात तसंच). सरकारनेही २००३ पासून गरीब घरांना महिन्याला ५० युनिट फुकट द्यायचं धोरण आणलं. सोवेटोतल्या फिरी वस्तीतला पाण्याच्या प्रीपेड मीटरचा खटला तर घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला. २००९ मध्ये निकाल नगरपालिकेच्या बाजूने लागला. ब्रिटनने मात्र उलट वाट धरली. पाण्याची प्रीपेड यंत्रं तिथल्या न्यायालयाने १९९८ मध्ये बेकायदा ठरवली. आणि गॅस-विजेचे प्रीपेड मीटर थकबाकीदारांच्या घरात जबरदस्तीने बसवणं २०२३ मध्ये वृत्तपत्रांच्या बातम्यांनंतर थांबवावं लागलं. नव्या नियमांत घरात दुसरं कोणी नसलेल्या ७५ वर्षांवरच्या वृद्धांना या जबरदस्तीतून वगळलं.

आता आपल्या इथलं बघू. मी राहतो तो वेस्ट बे, म्हणजे अरबीत 'दफ्ना'. आपल्या 'दफन'चाच धातू, समुद्र बुजवून केलेली जमीन. १९८२ चं शेरेटनचं पिरॅमिड सोडलं तर इथले बहुतेक टॉवर नंतरचे. वीज आणि पाणी देणारी संस्था कहरमा, २००० साली स्थापन झालेली. नावातला 'कहरबा' म्हणजे वीज, आणि 'मा' म्हणजे पाणी. (विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'कहरबा' हा मूळ फारसी शब्द, काह म्हणजे गवताची काडी आणि रुबा म्हणजे ओढून नेणारा. कपड्यावर घासला की काड्या ओढतो तो अंबर. दिलरुबातला 'रुबा' तोच!) इथे घरगुती वीज प्रीपेड नाही. कतारी नागरिकाला राहत्या घराची वीज फुकट, आणि आपल्यासारख्या परदेशी माणसाला अनामत भरून महिन्याचं बिल. देश सोडताना सगळा हिशोब चुकता. म्हणजे एकाच मीटरच्या मागे तीन माणसं असतात. नागरिक, ज्याच्याकडून पैसे घ्यायचेच नाहीत. भाडेकरू, ज्याला अनामतीवर उधार द्यायचं. आणि जगात इतरत्र तो तिसरा, ज्याला उधार द्यायचंच नाही.

भारतात नेमका हा तिसरा माणूस आता सगळ्यांनाच करायचं घाटत होतं. केंद्राने २०२० मध्ये ग्राहक हक्कांचे नियम केले, त्यात नवा मीटर स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड असावा असं आलं. अपवादाला आयोगाची मंजुरी लागेल. २०२१ च्या योजनेत देशभर २५ कोटी मीटरांचं लक्ष्य ठेवलं, शेतीपंप वगळून. महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटं दिली. मग विरोध सुरू झाला. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांच्या वीज ग्राहक संघटनेने 'आम्हाला प्रीपेड नको' असे अर्ज भरायची मोहीम काढली, गावोगावी मोर्चे निघाले, आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना हे मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर बसू लागले ते 'टीओडी' मीटर. कोणत्या वेळी किती वीज वापरली हे मोजणारे, बिल मात्र पूर्वीसारखं नंतर.

माझे आई-बाबा गावी दोघंच असतात. त्यांच्या गल्लीत मीटर बदलायला माणसं आली तेव्हा बाबांनी फोनवर विचारलं, "हा मोबाईलवाला मीटर आहे का रे? आणि पैसे संपले तर रात्री कुणाला सांगायचं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर इंजिनिअरचं आहे. आफ्रिकेतल्या मीटरमध्ये शिल्लक मीटरच्या पोटात असते. भारतातल्या स्मार्ट मीटरमध्ये ती कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि मीटरमध्ये असतो दूरवरून चालू-बंद होणारा स्विच. म्हणजे प्रीपेड की पोस्टपेड हा फरक लोखंडात नाही, सेटिंगमध्ये आहे. आज बिल देणारा मीटर उद्या तोच राहून रिचार्ज मागू शकतो. वायरमनला यायचीही गरज नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात शोधावं लागतं. वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. या पंधरा दिवसांत माणूस उसने आणतो, तक्रार करतो, नाहीतर मुलाला दोह्याला फोन लावतो. प्रीपेडमध्ये 'थकबाकी' शब्दच उरत नाही, आणि त्याबरोबर हे पंधरा दिवसही जातात. दुसरं म्हणजे कलम ४७(५). जो प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार आहे त्याच्याकडून अनामत घेता येत नाही. 'तयार आहे' म्हणजे निवड ग्राहकाची, असं ग्राहक संघटना म्हणतात, आणि मला ते वाचन सरळ वाटतं. शिवाय आपली उधारी ही नुसती उधारी नव्हतीच. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार महिन्याला बिल येणाऱ्याकडून दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी अनामत घेतात. म्हणजे कंपनीचे पैसे आधीच तिच्याकडे आहेत. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी विश्वासाचा होता.

प्रीपेड वाईटच, असं मी म्हणत नाही. भाडेकरू, बंद ठेवलेला फ्लॅट, विद्यार्थ्यांची खोली, तिथे ते सोयीचंच आहे. आणि चोरी, थकबाकी यांनी वीज कंपन्या खरोखरच बेजार आहेत. पण इतिहास सांगतो की जिथे हा मीटर माणसाने मागून घेतला तिथे त्याने दार उघडलं, आणि जिथे लादला तिथे अंधाराची जबाबदारी गुपचूप कंपनीकडून घरातल्या माणसाकडे सरकली.

तेव्हा आपल्यापैकी ज्यांच्या घरी मीटर बदलले गेलेत किंवा जाणार आहेत त्यांनी आई-वडिलांना तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. एक, मीटर पोस्टपेड आहे की प्रीपेड हे बसवणाऱ्याकडून कागदावर घ्या आणि जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा. दोन, कधी प्रीपेड केलाच तर अनामत परत मागा, ती आपली आहे. तीन, बॅलन्स किंवा बिलाचा मेसेज ज्या मोबाईलवर येतो तो नंबर तपासा. बऱ्याच घरांत तो वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या मुलाचा जुना, कधीच बंद झालेला नंबर असतो.

कळावे, लोभ असावा.

(वेस्ट बे, दोहा)