सायंकाळच्या जागेचें भाडें

सार्वजनिक रस्ता सर्वांचा, असें सहज म्हटलें जातें. परंतु त्या रस्त्याच्या कडेची मोटारीपुरती जागा एका वेळीं एकाच मनुष्याच्या उपयोगी पडते. ती कोणास मिळावी, किती वेळ मिळावी, आणि तिचें मोल कोणीं घ्यावें, हा प्रश्न विसाव्या शतकांत मोटारीबरोबरच मोठ्या शहरांपुढें आला. दिवसापुरतें त्याचें उत्तर पुष्कळ ठिकाणीं मिळालें. सायंकाळचा प्रश्न मात्र वारंवार पेट घेत आला आहे, आणि त्याचें कारण या भाड्याच्या जन्मकथेंतच सांपडतें.

अमेरिकेंतील ओक्लाहोमा सिटी या शहरांत १९३० नंतरच्या वर्षांत व्यापारी पेठेंतील रस्त्यांच्या कडा सकाळींच भरून जात. त्या गाड्या गिऱ्हाइकांच्या नसत. दुकानांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्यांच्या असत आणि काम सुटेपर्यंत जागच्या हलत नसत. गिऱ्हाइकास थांबावयास जागा नाहीं, ही तक्रार तेथील व्यापारी मंडळानें हातीं घेतली. मंडळाच्या वाहतूक समितीवर कार्ल मॅगी नांवाचे वृत्तपत्राचे संपादक होते. नाणें टाकल्यावर ठराविक वेळ मोजणारें यंत्र असावें, ही कल्पना त्यांची. तिला रूप दिलें तें ओक्लाहोमाच्या कृषि व यंत्रविद्या महाविद्यालयांतील हॉल्गर थ्यूसन आणि जेराल्ड हेल यांनीं. १६ जुलै १९३५ रोजीं पहिला मीटर चालूं झाला. दर तासाला पांच सेंट होता. रस्त्यावर उभें राहण्याचे पैसे घेणें हा अन्याय होय, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. परंतु आरंभीं मीटर रस्त्याच्या एकाच बाजूस बसविले होते. त्या बाजूस गाड्या येत-जात राहतात आणि गिऱ्हाइकास जागा सांपडते, हें पाहतांच समोरच्या दुकानदारांनींही आपल्या दारीं मीटर मागितले.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मीटर दुकानदाराच्या सोयीसाठीं जन्मास आला. म्हणून त्याचा दिवस दुकानाबरोबर उघडे व दुकानाबरोबर मिटे. दुकानें बंद झाल्यावर जागेस मागणी नसे, म्हणून भाडेंही नसे. सायंकाळची ही मोकळीक कोणीं हक्क म्हणून दिलेली नव्हती. परंतु वर्षानुवर्षें चाललेली मोकळीक लोकांच्या मनांत वहिवाट होऊन बसते, आणि वहिवाटीस धक्का लागला कीं मनुष्य कायद्याचें पुस्तक उघडून पाहत नाहीं.

लंडन शहरांत पहिले मीटर १० जुलै १९५८ रोजीं वेस्टमिन्स्टरच्या मेफेअर भागांत, ग्रोव्हनर चौकाच्या परिसरांत, सुरू झाले. तासाला सहा पेन्स हा दर होता. १९६० च्या सप्टेंबरांत दंडाची चिठ्ठी लावणारे रखवालदार रस्त्यावर आले. त्यांची पहिली चिठ्ठी मिळाली ती हृदयविकाराच्या रोग्यासाठीं धांवत आलेल्या एका डॉक्टरास! लोकांत ओरड झाली आणि तो दंड मागें घेण्यांत आला. नियमामागचा न्याय दिसेनासा झाला कीं लोक नियम सहन करीत नाहींत, हें त्या चिठ्ठीनें आरंभींच दाखवून दिलें.

पुढील अर्धशतकांत शहरांची संध्याकाळ पालटली. नाटकगृहें, चित्रपटगृहें व भोजनगृहें यांमुळें मध्यवस्तींत कित्येक ठिकाणीं दुपारपेक्षां रात्रींच अधिक गर्दी होऊं लागली. मीटर मात्र पूर्वीच्याच वेळीं झोपीं जात. कॅलिफोर्नियांतील अर्थशास्त्रज्ञ डॉनल्ड शूप यांनीं २००५ सालच्या आपल्या ग्रंथांत या विसंगतीचा खोल विचार केला. त्यांचें म्हणणें असें कीं, फुकट जागा खरोखर फुकट नसतेच. तिच्या शोधांत घिरट्या घालणाऱ्या गाड्यांचा वेळ, इंधन व धूर हेंच तिचें मोल होय. प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा रिकाम्या राहतील इतका दर असावा, आणि मागणी असेल त्या वेळीं तो घ्यावा, मग दिवस असो वा रात्र.

हा विचार पटवितां येतो, याचा दाखला पॅसाडेना या कॅलिफोर्नियांतीलच शहराच्या जुन्या पेठेनें दिला होता. तेथें १९९३ पर्यंत मीटरच नव्हते. दोन तासांची मर्यादा होती, परंतु दुकानांतील नोकर गाड्या अधूनमधून हलवून दिवसभर कडा अडवीत. मीटरांचा विचार निघतांच गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल या भीतीनें व्यापाऱ्यांनीं विरोध केला. तेव्हां नगरपालिकेनें कबूल केलें कीं, मीटरांचें सारें उत्पन्न त्याच पेठेवर खर्च होईल. एवढें ठरतांच बोलणें पालटलें. तासाला एक डॉलर, आणि तोही रात्रीं व रविवारींसुद्धां, या गोष्टीस तेच व्यापारी राजी झाले. त्या उत्पन्नाच्या भरंवशावर शहरानें ५० लक्ष डॉलर कर्ज काढलें आणि पदपथ, दिवे, झाडें व मागच्या गल्ल्या यांची सुधारणा केली. २००१ सालीं सुमारें १२ लक्ष डॉलर निव्वळ उत्पन्न मिळालें, आणि ओस पडत चाललेली पेठ पुन्हां गजबजली.

ओकलंडची हकीकत याच्या उलट आहे. २००९ च्या जुलैंत अंदाजपत्रकांतील तूट भरून काढण्यासाठीं तेथील नगरपालिकेनें मीटरची वेळ सायंकाळीं सहाऐवजीं आठपर्यंत वाढविली आणि दर तासाला दीड डॉलरवरून दोन डॉलर केला. येथें पेठेस परत कांहीं मिळावयाचें नव्हतें. भोजनगृहांचे व चित्रपटगृहांचे चालक खवळले, आणि ऑक्टोबरांत वेळ पुन्हां सहावर आणणें भाग पडलें.

सर्वांत मोठा वाद मात्र लंडनच्या वेस्ट एंडमध्यें झाला. १९५८ सालीं जेथें पहिले मीटर आले, त्याच वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेनें २०११ सालीं असा बेत केला कीं, भाडें साडेसहास न थांबवितां मध्यरात्रीपर्यंत घ्यावें, आणि रविवारीं दुपारींही घ्यावें. कांहीं ठिकाणीं दर तासाला ४.८० पौंड होता. रात्रींची गर्दी दिवसासारखीच झाली आहे व रहिवाशांस आपल्याच दारीं जागा मिळत नाहीं, हें नगरपालिकेचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु विरोधकांचेंही म्हणणें पोकळ नव्हतें. नाटकगृहांचे व भोजनगृहांचे मालक होतेच. रविवारच्या प्रार्थनेस येणाऱ्यांसाठीं चर्चचे धर्मगुरुही पुढें आले. सर्वांत बिकट प्रश्न होता तो वाढपी, वादक व रंगमंचावरील कामगार यांचा. त्यांचें काम सुटे तेव्हां भुयारी रेल्वे बंद होण्याच्या बेतांत असे. कांहीं मार्गांवर आठवड्याच्या अखेरीस रात्रभर गाड्या धांवूं लागल्या त्या २०१६ सालीं. प्रेक्षकास जें भाडें करमणुकीच्या खर्चांत मिसळून जाई, तेंच या माणसांच्या रोजच्या मजुरींतून कापलें जाणार होतें.

‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या वृत्तपत्रानें बेताविरुद्ध मोहीम उघडली. २०११ च्या डिसेंबरांत उच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. २०१२ च्या आरंभीं नगरपालिकेचे प्रमुख कॉलिन बॅरो यांनीं पदत्याग जाहीर केला आणि बेत बारगळला. त्यानंतर २०१३ सालीं लंडनमधील बार्नेट विभागाच्या प्रकरणांत उच्च न्यायालयानें स्पष्ट निर्णय दिला. तेथें रहिवाशांच्या परवान्याचें वार्षिक शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंड केलें होतें. १९८४ च्या कायद्यानें दिलेला अधिकार वाहतुकीच्या नियमनासाठीं आहे, इतर खर्चासाठीं उत्पन्न काढण्याकरितां नव्हे, असें सांगून न्यायालयानें ती वाढ बेकायदा ठरविली.

या साऱ्या हकीकतींवरून असें दिसतें कीं, सायंकाळचें भाडें हें स्वभावतः न्याय्यही नाहीं आणि अन्याय्यही नाहीं. पॅसाडेनाचा दुकानदार व ओकलंडचा दुकानदार यांच्या स्वभावांत फरक नव्हता. एकास पैशाचें काय होणार हें आधीं सांगितलें व त्याची संमति घेतली, दुसऱ्यास केवळ वाढलेला दर दाखविला. जुनी वहिवाट मोडावयाची असेल, तर तिच्यावर ज्यांचा संसार चालतो त्यांस प्रथम विचारावें लागतें, आणि त्यांतही रात्रीं उशिरां घरीं परतणाऱ्यास दुसरी वाट काढून द्यावी लागते. तेवढें न करतां केवळ घड्याळाचा कांटा पुढें सरकविणाऱ्या नगरपालिकांना तो बहुधा स्वतःच्याच हातानें मागें आणावा लागला आहे.