बीज, क्षेत्र आणि करार

वाऱ्याने उडून किंवा पुराच्या पाण्याबरोबर वाहून एकाच्या शेतातले बी दुसऱ्याच्या शेतात पडले व तेथे रुजले, तर येणारे पीक कोणाचे? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हा प्रश्न आला आहे आणि तेथे निकाल शेताच्या मालकाच्या बाजूने दिला आहे. स्मृतिकारास शेतीचा कायदा सांगावयाचा नव्हता, हे उघडच आहे. परपुरुषापासून झालेले अपत्य जन्मदात्याचे की त्या स्त्रीच्या पतीचे, हा वाद सोडविण्यासाठी त्याने शेताचा दाखला घेतला. आज वीर्यदान, बीजांडदान आणि सरोगसी यांमुळे न्यायालयांपुढे जे प्रश्न येऊन ठेपले आहेत, त्यांचा गाभा हाच आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आम्हांस अवश्य वाटते. गांधारीच्या शंभर घटांत, किंवा देवकीच्या उदरातून रोहिणीच्या उदरात गेलेल्या बलरामाच्या कथेत आधुनिक प्रयोगशाळा शोधण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. त्या हौसेत आम्ही सामील नाही. पूर्वजांपाशी उपकरणे नव्हती. प्रश्न मात्र होता, आणि त्यावर त्यांनी वकिली काटेकोरपणाने विचार केला होता.

त्या विचारात एकमत होते असे मात्र कोणी समजू नये. आपस्तंबाने पुत्र जन्म देणाऱ्याचाच, असे ठासून सांगितले. कौटिल्याने आधी दोन्ही पक्ष मांडले. एक क्षेत्रवाल्याचा, दुसरा मातेला केवळ चामड्याची पिशवी मानणाऱ्या बीजवाल्याचा. आणि मग दोन्ही घटक तेथे विद्यमान आहेत, असे आपले मत दिले. मनूने नियोगास प्रथम वाट दिली व लगेच पुढच्या श्लोकांत त्याचा कडक निषेधही केला. उत्तरकाली तर नियोग कलिवर्ज्यांत जमा झाला. परंतु त्याच प्रकरणात मनूने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, ती कायद्याच्या अभ्यासकाने विसरू नये. बीजवाला आणि क्षेत्रवाला यांच्यात आधी करार झाला असेल, तर फळावर दोघांचाही हक्क पोहोचतो. म्हणजे अपत्य कोणाचे, हे केवळ निसर्गाने ठरत नाही. पूर्वी दिलेल्या शब्दानेही ठरते.

आणि दोघांचा हक्क म्हणजे नुसते बोलणे नव्हते. क्षेत्रज पुत्रास बौधायनाने दोन पिते व दोन गोत्रे सांगितली. याज्ञवल्क्याने त्यास दोघांचाही वारस आणि दोघांनाही पिंड देणारा ठरविले. श्राद्धाच्या वेळी दोन्ही नावे उच्चारली जावयाची. मूल एका घरात वाढे, तथापि त्याचे बीज कोठून आले हे घरात कोणापासून लपविलेले नसे. या तपशिलाकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

मनूच्या बारा पुत्रांच्या यादीत गूढोत्पन्न नावाचा एक पुत्र आहे. घरात गुप्तपणे झालेला, पिता कोण ते अज्ञात. असा पुत्र ज्याच्या पत्नीच्या पोटी आला त्याचाच मानावा, असा दंडक आहे. १८७२ साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या पुरावा कायद्याचे ११२ वे कलम ज्यांनी वाचले आहे, त्यांस येथे ओळखीचे काही भेटेल. विवाह कायम असताना, किंवा तो संपल्यावर माता अविवाहित राहिली असता २८० दिवसांच्या आत जन्मलेले मूल पतीचेच, हा निर्णायक पुरावा. पतिपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते असे सिद्ध झाले तरच तो टळतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने हीच कल्पना दिवसांत बसविली: विवाहानंतरचे १८० दिवस उलटल्यावर, किंवा विवाह संपल्यापासून ३०० दिवसांच्या आत. मनू, स्टीफन आणि लिस्बनचे विधिमंडळ यांनी एकमेकांस विचारले नव्हते. तिघांसही मुलाच्या माथ्यावर छप्पर ठेवावयाचे होते. पुरावा कायदा बदलून १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला. हे कलम त्यात ११६ या क्रमांकाने कायम आहे.

रक्तापेक्षा शब्द मोठा, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांस आपापल्या शहराच्या इतिहासावरून ठाऊक आहे. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे १८४३ साली दत्तक आले, इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर १८४४ साली, आणि कवळाण्याचा शेतकरी घरातला गोपाळ १८७५ साली जमनाबाईंच्या मांडीवर बसून वडोदऱ्याचा तिसरा सयाजीराव झाला. उलट साताऱ्यास १८४८ साली कंपनी सरकारने दत्तक नाकारला आणि राज्य बुडाले. दत्तविधान खरे की खोटे, यावर येथे राज्ये उभी राहिली व पडली.

पण दत्तकाच्या कायद्यातही रक्त पुसले जात नाही. कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणास, चालुक्य विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. त्यात सपिंड शब्दाचा अर्थ पिंडदानाने जोडलेले असा न करता, एकाच शरीराचे अवयव ज्यांच्यात उतरले आहेत ते, असा केला. आनुवंशिकतेचे शास्त्र जन्मास येण्यापूर्वी शेकडो वर्षे, विवाहास कोण निषिद्ध हे त्याने शरीरावरून ठरविले. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने (हा गोव्यास लागू नाही) दत्तक मुलाचे जन्मघराशी सर्व संबंध तोडले, परंतु एक अपवाद राखून ठेवला: जन्मघरात राहिला असता ज्या व्यक्तीशी त्यास विवाह करता आला नसता, तिच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. आपण कोठून आलो हे ठाऊक असल्यावाचून हे बंधन पाळता तरी कसे येणार? कायद्याने ते माहीत असणे गृहीत धरले आहे.

आता अलीकडचा काळ. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने, जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर अवघ्या ७० दिवसांनी, एक मुलगी जन्मास आली. सरकारी समितीने त्यांचा दावा झिडकारला; १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या हातून झालेला जन्म पहिला म्हणून नोंदला गेला. पुढे मुखोपाध्यायांचे कागद तपासून आनंद कुमार यांनीच १९९७ साली पहिलेपणाचा मान त्यांस परत दिला. शास्त्रज्ञांच्या जगात असे औदार्य वरचेवर पाहावयास मिळत नाही.

कायद्याची खरी कसोटी लागली ती वडोदऱ्याशेजारच्या आणंदात. २००८ साली तेथे एका जपानी दांपत्यासाठी मुलगी जन्मली, पण जन्माआधीच त्या दांपत्याचा घटस्फोट झाला होता. बीजांड अज्ञात स्त्रीचे, गर्भ दुसरीने वाढविलेला, मागणी तिसरीने केलेली. तीन माता असून मुलीस माता नव्हती. पित्याची आई तिला सांभाळण्यास जपानहून आली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच साली जन्मलेल्या एका जर्मन दांपत्याच्या जुळ्यांचा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयापुढे आला. जर्मन कायदा सरोगसी मानीत नाही, म्हणून बालकांस कोणत्याच देशाचे पारपत्र मिळेना. २००९ साली न्यायालयाने, विशेष कायद्याच्या अभावी, गर्भ वाढवून जन्म देणारी स्त्री हीच माता, असे ठरविले. मनूचा क्षेत्रपक्ष अहमदाबादेत पुन्हा विजयी झाला. फरक एवढाच की या खेपेस क्षेत्र म्हणजे पतीची मालमत्ता नव्हे, तर ती स्त्री स्वतः होती.

हा फरक लहान नाही. शेताच्या उपमेत मुळातच एक खोट आहे: शेतास कोणी विचारीत नाही. ती खोट महाभारतकारास दिसली होती. व्यास समोर येताच अंबिकेने डोळे मिटले, अंबालिका पांढरीफटक पडली, आणि पुन्हा आज्ञा झाली तेव्हा अंबिकेने आपल्या ठिकाणी दासीस पाठविले. वडीलधाऱ्यांची संमती होती. त्या दोघींची नव्हती.

२०२१ सालचा सरोगसी नियमन कायदा २५ जानेवारी २०२२ पासून गोव्यासह सर्वत्र लागू झाला. त्याने सरोगेट मातेची लेखी संमती आवश्यक केली, गर्भारोपणापूर्वी ती मागे घेण्याची मुभा दिली, तिचे स्वतःचे बीजांड वापरण्यास मनाई केली आणि आयुष्यात एकदाच ही सेवा करण्याची मर्यादा घातली. मोबदला निषिद्ध, औषधोपचाराचा खर्च व ३६ महिन्यांचा विमा तेवढा मिळावयाचा. गोरगरीब स्त्रियांचा बाजार थांबावा हा हेतू चांगलाच आहे. तथापि डॉक्टरास फी मिळते, प्रतिज्ञापत्र करणाऱ्या आमच्यासारख्या वकिलासही मिळते, आणि नऊ महिने देह झिजविणारीने तेवढे परोपकारावर भागवावे, हे आमच्या न्यायबुद्धीस पटत नाही.

मूल कोणाचे, या प्रश्नास मात्र कायद्याने निःसंदिग्ध उत्तर दिले. सरोगसीने झालेले मूल ते इच्छिणाऱ्या दांपत्याचे जैविक मूल समजले जाईल. त्याच साली झालेल्या सहाय्यक प्रजननतंत्र कायद्यानेही हेच सांगितले, आणि दात्याचे पालकत्वाचे सर्व हक्क संपविले. बीजही नाही, क्षेत्रही नाही, करार. आम्हांस हे उत्तर योग्य वाटते. गोव्याच्या देवस्थानांत १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीनुसार महाजनपण बहुधा पुरुषवंशाने चालत येते. उद्या एखाद्या महाजनाचा मुलगा दात्याच्या बीजाचा आहे, म्हणून त्याचे नाव नोंदवहीत घालण्यास कोणी हरकत घेतली, तर आमच्या मते ती टिकू नये. दत्तक पुत्रास पित्याचे गोत्र देणाऱ्या समाजाने येथे कुरकुर करावी, हे शोभणारे नाही.

अडचण दुसरीकडे आहे. जैविक समजले जाईल, असे म्हणताना कायद्याने एका वाक्यात दोन गोष्टी एकत्र केल्या. मूल कोणाच्या घरचे, ही एक; ते कोणापासून झाले, ही दुसरी. बौधायनाने दोन्ही वेगळ्या ठेवल्या होत्या, १९५६ च्या कायद्यानेही ठेवल्या. नव्या कायद्यात दात्याची माहिती गुप्त राहते. राष्ट्रीय नोंदणीकडे ती जाते, आणि न्यायालयाच्या आदेशावाचून किंवा वैद्यकीय निकडीवाचून बाहेर येत नाही. एका दात्याचे बीज एकाहून अधिक दांपत्यांस देता येत नाही, या अटीमुळे नकळत भावंडांत विवाह होण्याचे भय बरेच उणे होते, हे मान्य. परंतु दात्याची स्वतःच्या संसारातली मुले असतातच.

न्यायालये या दोन गोष्टींमध्ये अद्याप हेलकावे खात आहेत. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली डी.एन.ए. चाचणीपुढे कायद्याचे गृहीतक मागे सारले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या दुसऱ्या प्रकरणात २०२३ साली, नवराबायकोच्या भांडणात मुलाची चाचणी सरसकट करू नये, असे बजावले. दोन्ही वेळी चाचणी मागणारा पती होता. मुलाने स्वतः, मोठे झाल्यावर, शांतपणे विचारले तर काय, हा प्रश्न त्यांत नव्हता. इंग्लंडात १ एप्रिल २००५ पासून दिलेल्या बीजातून जन्मलेल्यांस वयाच्या अठराव्या वर्षी दात्याचे नाव मागता येते, आणि २०२३ पासून अशी तरुण मुले ते मागूही लागली आहेत. आपल्या २०२१ च्या कायद्याने नोंदवही निर्माण केली आहे. सज्ञान झालेल्या मुलाने ती पाहावयास मागावी, असे कलम त्यात नाही.