साथ ओसरते कशी? शिकारी, सावज आणि गोवर

निफाड, सिन्नर भागात उसात बिबट्या दिसल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. जंगलाचा साधा नियम असा: सावज भरपूर असले की शिकारी वाढतात, सावज घटले की शिकारी उपाशी मरतात, मग सावज पुन्हा वाढते. आल्फ्रेड लोटका यांनी १९२५ मध्ये आणि इटलीचे गणिती व्हिटो व्होल्टेरा यांनी १९२६ मध्ये हे चक्र समीकरणांत मांडले.

याचा आजारांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. साथीच्या रोगात जंतू हा शिकारी आणि ज्यांच्याकडे प्रतिकारशक्ती नाही अशी माणसे हे त्याचे सावज!

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि पुढे तो दरवर्षी परतत राहिला. पूर्वी भारतात नोकरी केलेले डॉक्टर मॅकेंड्रिक आणि प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ कर्मॅक यांनी १९२७ मध्ये साथीचे गणित मांडले. लोकांचे तीन गट केले: लागण होऊ शकेल असे, आजारी, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. पडताळ्यासाठी त्यांनी मुंबईतील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधील प्लेगमृत्यूंचे आठवडावार आकडे घेतले. गणिताचा आलेख त्यांच्याशी बराच जुळला. प्लेग उंदीर-पिसवांमुळे पसरतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळच होता.

पण त्यातून निघालेली गोष्ट आजही मोलाची आहे. साथ ओसरण्यासाठी सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही. सावज एका मर्यादेखाली गेले की साथ उतरणीला लागते. प्लेगच्या काळात ही मर्यादा गाठताना घरेच्या घरे ओस पडली. लसीने तीच मर्यादा जीव न गमावता गाठता येते.

मात्र साथ ओसरली म्हणजे धोका संपला, असे नाही. रोज नवी बाळे जन्मतात आणि लस चुकली की तीच नवे सावज ठरतात. २०२२ मध्ये आपल्या जिल्ह्यातील मालेगावात गोवराचा उद्रेक झाला होता. गोवर रोखायला शंभरातील सुमारे ९५ मुले संरक्षित हवीत.

म्हणून बाळाचे लसीकरण कार्ड आज काढून पाहा. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो. एखादा राहिला असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. सरकारी केंद्रात ही लस मोफत मिळते.