बालवाडी अंगणात आली तेव्हा



आपल्या गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. पोर तीन वर्षांचं झालं, आता तालुक्याच्या नर्सरीत घालायचं का? फी असते, गाडीचं भाडं असतं, आणि त्यासाठी गटातून कर्ज मागणाऱ्या बायाही आहेत. निर्णय ज्या त्या घरानं घ्यावा. पण त्याआधी आपल्या रोजच्या तोंडातला ‘अंगणवाडी’ हा शब्द कुठून आला, ते आज ऐकू या.

१९०७ साली इटलीतल्या रोम शहरात मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी मजुरांच्या वस्तीत लहान मुलांसाठी एक घर उघडलं. लहान मूल नुसतं ऐकून शिकत नाही, हातानं करून शिकतं, हे त्यांनी दाखवलं. पुढे ही पद्धत जगभर गेली. पण तिची लाकडी साधनं महाग होती. म्हणून आपल्या देशात अशा शाळा बहुतेक शहरातल्या, ऐपतीच्या घरांपुरत्याच राहिल्या.

ताराबाई मोडकांना हे पटेना. त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, त्यातही त्या होत्या. खेड्यातल्या गरिबाच्या मुलालाही हे शिक्षण मिळालं पाहिजे, असं म्हणून १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीला घराच्या कोपऱ्यात बसवत. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुलं येईनात. आई सकाळीच कामावर जायची. मुलाला तयार करून पाठवणार कोण? मग ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनं मुलाकडे जायचं. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, त्यांना स्वच्छ करायचं, गाणी म्हणायची, खेळ घ्यायचे. अंगणात भरणारी वाडी, ती अंगणवाडी.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं. तिथं पोरं गुरं राखायला जायची. म्हणून शाळा कुरणात भरली, तिला नाव पडलं कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी अडकायची, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी ठेवली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात.

आणि साधनं? खडे, शिंपले, बिया, पानं, फुलं, माती. जे आजूबाजूला मिळतं, तेच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव पोचलं. म्हणजे बायांनो, हा शब्द आपल्याच अंगणातून निघाला आहे. तो फक्त खाऊ वाटायच्या खोलीचा नाही.

मग आज घरात काय करता येईल? चिंचोके, वाल आणि मक्याचे दाणे एका ताटात मिसळा आणि मुलाला वेगळे करायला सांगा. निवडणं, जुळवणं, मोजणं सगळं त्यात आलं. पण जवळ बसा, कारण लहान मुलं बी नाकात किंवा तोंडात घालतात. तीन वर्षांखालच्या पोराला बिया देऊ नका, त्याला कांदे-बटाटे वेगळे करू द्या. वाटाण्याच्या शेंगा सोलायला द्या, बोटांत जोर येतो. उद्या पेन्सिल धरायची ती याच बोटांनी. तांब्यातलं पाणी वाटीत न सांडता ओतू द्या. सांडलं तर फडकं हातात द्या, ओरडू नका. भाकरी करताना एक गोळा त्यालाही द्या. भाकरी मोडताना अर्धी, पाव, चतकोर असं बोलून दाखवा. मातीत बोटानं रेघा, गोल काढू द्या. तीन वर्षांच्या पोराकडून पाटीभर अक्षरं गिरवून घ्यायची घाई नको.

आणि बोला. घरच्या बोलीत बोला. बोली गावंढळ म्हणून लाजू नका. ज्या बोलीत मूल हसतं-रडतं, त्याच बोलीत ते विचार करायला शिकतं.

शेवटी एक गोष्ट गटानं मनावर घ्यावी. आपल्या गावात धाकट्याला सांभाळायला घरी राहिलेली थोरली मुलगी आहे का? असेल, तर कोसबाडची तोड आठवा. चार घरांनी पाळी लावली, आज एकीच्या ओट्यावर, उद्या दुसरीच्या, तर लहान पोरं खेळत शिकतील आणि ती मुलगी शाळेत जाईल. पुढच्या बैठकीत कर्जाच्या हिशोबाआधी हा विषय घ्या. पाळी कशी लावली, ते आम्हाला कळवा. आम्ही रेडिओवर सांगू.